गुरुजींची परीक्षा

सीमाने टाळ्या वाजवल्या. दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या समोर, खुर्चीच्या टोकावर बसून. फार नाही, दोन-तीनच, लहान मुलाने पहिलं पाऊल टाकलं की वाजवतात तशा. मग तिच्या लक्षात आलं असावं की आपण इथे कशासाठी आलोय, आणि तिने हात मांड्यांखाली घेतले. पण तोवर वाजल्या होत्या. हे ताठ बसले होते. टाय, जाकीट, वरच्या खिशात पेन. विचारलेलं सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. साल सांगितलं, महिना सांगितला, वीसपासून उलटे आकडे म्हटले, डिसेंबरपासून मागे जानेवारीपर्यंत गेले, आणि सुरुवातीला ऐकवलेला कुणा जॉनचा खोटा पत्ता शेवटी जसाच्या तसा परत दिला. त्याच सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, बाई, मोरी कुठे आहे? मी हाताला धरून नेलं होतं. आता ते माझ्याकडे न बघता डॉक्टरांकडे बघून हसत होते, आणि डॉक्टर हॉवेल्सही हसत होत्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला आनंदच व्हायला हवा, थोडा संथपणा आहे, पण या माणसाला शिकता येणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. अंधारात जिना उतरताना एक पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं मला झालं. मी त्यांना नापास झालेलं बघायला आले होते. नवीन साडी नेसून आले होते.

बर्मिंगहॅमला फेब्रुवारीत चार वाजता दिवस मिटायला लागतो. घरी येताना सीमा गाडी चालवत होती, हे पुढे बसले होते आणि पुन्हा पुन्हा जॉनचा पत्ता म्हणत होते. कुणी थांब म्हणेपर्यंत ते थांबणार नव्हते. सीमा म्हणाली, "आई, मला माहीत आहे, मी स्टुपिड आहे. पण बाबाचं तोंड बघितली ना तू? किती हॅपी झाले." तिचं मराठी अकराव्या वर्षी थांबलं. अकराव्या वर्षी मी तिला इथे आणलं, तेव्हापासून ती इंग्रजीत मोठी झाली आणि मराठीत तेवढीच राहिली. आता कार्डिफच्या हॉस्पिटलात फिजिओ आहे, मोडलेल्या माणसांना चालायला लावते. एक पाऊल पडलं की टाळी वाजवायची तिला सवय आहे. मी मागच्या सीटवर बसून यांच्या मानेकडे बघत होते. मानेवर कॉलरचा वळ उठला होता, कारण सकाळी टाय मीच बांधला होता, जरा घट्ट.

गोष्ट साधी होती. हे माझे यजमान म्हणून या देशात आले, पाच वर्षं झाली. आता होम ऑफिसकडून इथे राहायचा पक्का परवाना घ्यायचा तर इथल्या राहणीवरची टेस्ट द्यावी लागते, कॉम्प्युटरसमोर बसून, आणि इंग्रजीही दाखवावं लागतं. पासष्ट झाली असती तर काहीच लागलं नसतं. यांना दोन वर्षं कमी पडत होती. पण माणूस असा आजारी असला की त्याला शिकणं कधीच शक्य नाही, तर डॉक्टर तसं लिहून देतात आणि टेस्टमधून सूट मिळते. सूट मिळाली की परवाना, परवाना पक्का झाला की आजारी माणसाचा सरकारी भत्ता, आणि भत्ता मिळाला की दिवसा कुणीतरी बाई ठेवता येईल आणि मी दार उघडून एकटी बाहेर जाईन. नाही मिळाली तर त्यांना गावी धाकट्या दिराकडे पाठवायचं, कारण माझ्या एकटीच्या हातांनी ते होत नव्हतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीतलं काम मी त्यांच्यापायी सोडलं होतं. मी स्वतः इथली नागरिक आहे. मला कुणी पाठवू शकत नाही. हे वाक्य मी मनात अनेकदा म्हणत असे, भांडी घासताना, त्यांचे कपडे बदलताना. मला कुणी पाठवू शकत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी त्यांची तयारी इथल्या सगळ्या बौद्ध विहाराने करून घेतली. प्रणय बँकेत आहे, दर रविवारी विहारातला कार्यक्रम तोच बघतो, चांगला मुलगा आहे, पायात बूट नीट घालतो आणि माणसांशी नीट बोलतो. डॉक्टर काय काय विचारतात ते त्याने कुठून तरी काढलं, कार्डांवर लिहिलं आणि दोन रविवार यांना समोर बसवून घोकून घेतलं. मी म्हणाले, "अरे प्रणय, तिथे येत नाही असं दाखवायचंय ना?" तो हसला. "काकू, गुरुजी आहेत ते. डॉक्टरसमोर ब्लँक बसू द्यायचं का त्यांना? आपलीपण काही प्रेस्टिज आहे. डॉक्टरला समजतंच हो, ते स्कॅन बघतात." सीमा शेजारी बसून मान हलवत होती. "आई, यू डोन्ट वरी." तेव्हा मला कळलं की या दोघांना कितीही समजावलं तरी ते कळणार नाही. आमच्या माणसांना प्रश्न विचारला की ती परीक्षा असते, आणि परीक्षेला पास व्हायचंच असतं. ज्यांचे आजे-पणजे शाळेच्या पायरीखाली उभे राहिले, त्यांच्या पोरांना नापास व्हायला जा म्हणून सांगितलं तर ती कानांवर विश्वास ठेवत नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी आणखी बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं. मी बोलले नाही. मला वाटलं, घोका, कितीही घोका, तिथे गेल्यावर सगळं सांडणार आहे, आणि ते मला प्रणयसमोर, सीमासमोर, सगळ्यांसमोर सांडलेलं बघायचंय. त्या दिवशी प्रणय दवाखान्याच्या बाहेर थांबला होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळल्यावर त्याने यांच्या पायांना हात लावला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्या करताना मला राग आला. मला राग नेहमी उशिरा येतो. माझ्या आयुष्यात सगळंच उशिरा आलं. चाळिशीपर्यंत मला एक अक्षर येत नव्हतं. माझे यजमान शिक्षक. विनाअनुदानित शाळा, म्हणजे पगार कधीतरी येणारा, बहुतेक न येणारा, पण मान रोजचा. वस्तीतल्या निम्म्या पोरांना यांनी हाताला धरून लिहायला शिकवलं. बायकांचा रात्रीचा वर्गही घेतला, समाजमंदिरात. मी त्या बायकांना चहा नेत असे. चौदा एप्रिलला हे स्टेजवर उभे राहून शिक्षणावर बोलत, आवाज असा की मागच्या माणसालाही ऐकू यावा, आणि खाली बसलेल्या बायका माझ्याकडे वळून बघत, की हिचं नशीब बघा. घरी हे मला अंगठाबाई म्हणत. पाहुण्यांसमोरही. "आमच्या अंगठाबाई, जरा चहा टाका." पाहुणे हसत, मीही हसत असे. ते प्रेमाने म्हणतात असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. घर चालवायला मी पुण्यात वरदाबाईंकडे स्वयंपाकाला राहिले. त्यांच्या यजमानांना लंडनची नोकरी मिळाली तेव्हा त्या म्हणाल्या, द्रौपदी, चलतेस का? हे म्हणाले, "जा की. तुला काय, पोळ्या लाटायच्या. इथं काय नि तिथं काय."

तिथं वेगळं होतं. तिथे बसच्या पाटीवर, दुधाच्या बाटलीवर, दारावर, सगळीकडे अक्षरं होती आणि ती मला हाकलत नव्हती. कुणाला माहीतच नव्हतं की मला येत नाही. वरदाबाईंकडचं काम सुटल्यावर मी बर्मिंगहॅमला आले, लाँड्रीत लागले. तिथे चादरींच्या गाठोड्यांना वॉर्डाच्या चिठ्ठ्या असत. मी आधी चिठ्ठ्यांचे रंग शिकले, मग त्यांच्यावरची अक्षरं. मग कॉलेजचा संध्याकाळचा वर्ग. तेव्हा तो वर्ग पूर्ण केला की नागरिक व्हायला टेस्टशिवायही चालत असे. म्हणजे मी आधी इंग्रजी लिहायला शिकले. मराठी नंतर. रविवारी विहारात लहान मुलांचा मराठीचा वर्ग असतो, त्यात सहा-सात वर्षांच्या पोरांमध्ये मांडी घालून बसले. एक तनिषा नावाची मुलगी होती, ती माझ्या वहीत डोकावून म्हणायची, "आजी, युवर क लुक्स लाइक अ डक." मी पुसून परत काढत असे. कुणी हसलं तर मला लागत नसे, कारण ती हसून झाल्यावर मला खोडरबर देत असे. पहिल्यांदा माझं नाव पूर्ण लिहिलं त्या दिवशी मी घरी येऊन डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. हळद, मीठ, साखर, जिरे, चहा. मला वाचायची गरज नव्हती, डबे मला अंधारातही ओळखू येत. पण माझ्या घरात माझी अक्षरं असावीत असं मला वाटलं.

हे आले ते निवृत्त झाल्यावर. पहिल्याच महिन्यात विहारातल्या मंडळींनी त्यांना लंडनला नेलं, कॅमडेनला, बाबासाहेब शिकत असताना ज्या घरात राहिले तिथे. सगळे वर गेले, खोल्या बघितल्या, कुणी रडलं. मग हे जिन्याजवळ उभे राहून बोलले, शिक्षणाबद्दल, एका घरातली बाई शिकली तर काय होतं त्याबद्दल. फार चांगलं बोलले. मीसुद्धा ऐकत राहिले. मी डब्यांची पिशवी धरून उभी होते. बोलणं संपल्यावर धम्मशीला नावाच्या एका बाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "काकू विहारात वाचून दाखवतात तेव्हा मला नवलच वाटायचं. आता कळलं. तुम्हीच शिकवलं असणार ना गुरुजी त्यांना?" हे क्षणभर थांबले. मग मान हलवली आणि हसले. "म्हणजे काय! घरापासून सुरुवात नको?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा तेच बघणं, हिचं नशीब बघा. मी त्या जिन्यात, त्या घरात, तोंड उघडायला हवं होतं. पिशवीचे बंद बोटांत रुतले होते. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढायला बोलावलं. त्या फोटोत मी हसते आहे. तो विहाराच्या भिंतीवर आहे, खाली लिहिलंय, गुरुजी आणि त्यांच्या शिष्या. मी ते दर रविवारी वाचते. वाचता येतं ना.

अंगठाबाई म्हणाले ते मी विसरले असते. माणूस अज्ञानाला हसतो, हसू दे. पण माझी अक्षरं त्यांनी घेतली. ती मी लाँड्रीच्या वाफेत, पोरांच्या खोडरबराने, एकेक करून आणली होती, आणि त्यांनी एका मान हलवण्यात ती आपल्या नावावर केली. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाबतीत काहीतरी होण्याची वाट बघत होते. काय ते मला माहीत नव्हतं. मग ते झालं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना झटका आला, लहानसा, आठवडाभरात चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, वाचले. एका दुपारी ते चहा करायला उठले आणि डब्यांसमोर उभे राहिले. "साखर कुठंय?" साखर अशी माझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या नाकासमोर होती. आधी मला वाटलं, माझं अक्षर वाचायची त्यांना लाज वाटते. मी म्हणाले, "समोरच आहे." त्यांचं बोट एका डब्यावरून दुसऱ्यावर गेलं, थांबलं, परत आलं. मग त्यांनी मीठ घेतलं. दोन चमचे. चहा ढवळला, खुर्चीत बसले आणि सगळा प्यायले. तोंड वाकडं केलं नाही. मी समोर बसून बघत होते. त्यांनी वर बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. वर्तमानपत्र उचललं आणि माझ्या आणि त्यांच्यामध्ये धरलं. किती तरी वेळ पान उलटलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सीमाला नाही, डॉक्टरांना नाही. त्यांच्या डोक्यातून अक्षरं पुसली गेली होती आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी ते जपून ठेवलं. सणाला काढायची साडी ठेवतात तसं. पुढे बाकीचंही जायला लागलं, मोरी कुठे, दिवस कोणता, ही बाई कोण, पण ते आपोआप सगळ्यांना दिसत होतं. अक्षरांचं मात्र माझ्याकडे होतं. कधी कधी मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचत असे. औषधाच्या बाटलीवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं. सावकाश, एकेक शब्द तोडून. ते भिंतीकडे बघत.

आणि आता डॉक्टर म्हणत होत्या की या माणसाला शिकता येईल. पोळी तव्यावर करपली. मला दिसलं की माझ्यासमोर दोन रस्ते आहेत आणि दोन्ही मला हवे होते. एक म्हणजे गप्प बसायचं. सूट मिळणार नाही. प्रणय त्यांना टेस्टला बसवेल, तेवढा उत्साह त्याच्यात आहे. ते टाय लावून परक्या लोकांमध्ये कॉम्प्युटरसमोर बसतील, पडद्यावर अक्षरांच्या मुंग्या असतील, आणि त्यांना उठताही येणार नाही. मग परवाना नाही, मग गाव. मी विमानतळावर सोडायला जाईन. घरात फक्त माझ्या चिठ्ठ्या राहतील. हा विचार एवढा गोड होता की मी तवा खाली उतरवून ओट्याला टेकून उभी राहिले. पण मग मला गावातलं दिसायला लागलं. धाकटा दीर खुर्ची टाकेल. जुनी पोरं, आता पोटं सुटलेली, पाया पडायला येतील. गुरुजींनी बायकोला शिकवून विलायतेत मोठं केलं, असं म्हणतील. ते काही बोलणार नाहीत, फक्त मान हलवतील, आणि त्यांना तेवढंच पुरेल. तिथे ते गुरुजी म्हणूनच मरतील. शोकसभा होईल. कुणी तरी माझं नाव घेईल, त्यांच्या कामाचा पुरावा म्हणून. नाही. मला ते इथे हवे होते. इथे, लिहून दिलेले, सही-शिक्क्यानिशी.

सीमा कार्डिफला परत गेल्यावर मी दवाखान्यात स्वतः फोन केला. फोनवरच्या मुलीने विचारलं, काय तक्रार आहे? मी म्हणाले, "डॉक्टर मेड मिस्टेक. आय कम टेल हर." तिने वेळ दिली. प्रणयला कळवलं नाही. त्या दिवशी मी यांची दाढी केली नाही, टाय लावला नाही. घरातला स्वेटर होता, पुढे वरणाचा डाग, तो तसाच राहू दिला. चष्मा मात्र आठवणीने घेतला, पुसून घेतला. चष्मा नव्हता म्हणून असं झालं, असं कुणाला म्हणता येऊ नये.

डॉक्टर हॉवेल्स म्हणाल्या, आज मुलगी नाही आली? मी म्हणाले, "नो डॉटर. टुडे मी." त्या चांगल्या बाई आहेत, पांढरे केस, नाकावर चष्मा, कार्डिफकडच्याच. त्यांनी यांच्याकडे वळून माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, या कोण आहेत? मला वाटलं आता ते म्हणतील, कोण जाणे. पण ते ताठ झाले. प्रश्न विचारला की ते अजून ताठ होतात. खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "माय वाइफ. शी इज इल्लिटरेट. यू आस्क मी." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मला वाईट वाटेल. मला वाईट वाटलं नाही. कित्येक दिवसांनी त्यांनी मला ओळखलं होतं, आणि नेमकं असं ओळखलं होतं. ज्याला मारायचं तो शुद्धीवर असलेला बरा. मी डॉक्टरांकडे कोरा कागद मागितला. त्यांनी दिला. मी तो यांच्यासमोर ठेवला, त्यांच्या खिशात आज पेन नव्हतं म्हणून माझ्या पर्समधलं पेन त्यांच्या हातात दिलं, चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. आणि ज्या माणसाला मी आयुष्यभर अहो म्हणाले त्याला पहिल्यांदा म्हणाले, "गुरुजी, माझं नाव लिहा."

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांनी मला पाटी आणून दिली होती. मी सतरा वर्षांची. म्हणाले, चल, आधी स्वतःचं नाव. दोन्ही नणंदा उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. द्रौपदी हे नाव अवघड आहे हे मला आता कळतं, लहान मुलांना कुणी तिथून सुरुवात करू देत नाही, कमळ-बदकापासून करतात. ते शिक्षक होते. त्यांना माहीत होतं. माझ्या हातात पेन्सिल घाम येऊन घसरत होती. मी काहीतरी काढलं. त्यांनी पाटी उचलून नणंदांना दाखवली. "बघा, आमच्या बाईंनी म्हैस काढली." नणंदा हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी पदराने पाटी पुसली, पुन्हा काढलं, पुन्हा त्यांनी दाखवली. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी मी पाटी शोधली तर ती त्यांनी शेजारच्या पोराला देऊन टाकली होती. "हिच्या डोक्यात नाही शिरायचं," ते आईला सांगत होते, जेवताना, मी वाढत असताना. "काहींच्या नाहीच शिरत." आणि मी ते ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला. तेवीस-चोवीस वर्षं मी त्यावर विश्वास ठेवला. मला राग येतो तो त्याचा. हसण्याचा नाही.

त्यांनी पेन धरलं. काय सुंदर धरलं. मनगट टेकलेलं, बोटं हलकी. हाताला सगळं माहीत होतं. त्यांनी कागदावर डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली, शब्दाच्या डोक्यावर ओढतात ती, एकदम सरळ, पट्टीने मारावी तशी. आणि थांबले. रेघेखाली काहीच लटकलं नाही. पेन हवेत होतं, जरा खाली यायचं, जरा वर जायचं, कागदाला लागत नव्हतं. कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला माहीत होती. मी ती कधी बाहेरून बघितली नव्हती, आतूनच माहीत होती. डॉक्टर म्हणाल्या, राहू दे. मी म्हणाले, "नो. वेट." मी त्यांना आणखी थांबवलं. मी सावकाश म्हणाले, "लिहा ना. तुम्हीच शिकवलंत." त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी पेन ठेवलं, कागद डॉक्टरांकडे सरकवला आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "फिनिश्ड."

डॉक्टरांनी मग भिंतीवरचं मोठ्या अक्षरांतलं एक पत्रक त्यांच्यासमोर धरलं, त्यांनी त्याकडे बघून मान डोलावली. दुसरं धरलं, त्यालाही डोलावली. त्या चित्रं दाखवत गेल्या, घड्याळाची तबकडी काढायला लावली. टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं तेव्हा ते लवकर दमले. डॉक्टर गंभीर झाल्या. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? मी सांगितलं, दोन हिवाळे. मग आधी का नाही बोललात? मी म्हणाले, "नोबडी आस्क मी." त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, मी हॉस्पिटलकडून स्कॅनचे रिपोर्ट मागवते, आणि सूट मिळावी म्हणून लिहून देते, हे सुधारणार नाही. मी म्हणाले, "यू राइट, ही कॅनॉट लर्न. नेव्हर." त्या म्हणाल्या, मी जरा सौम्य शब्दांत लिहीन. "नो सौम्य," मी म्हणाले, म्हणजे इंग्रजीत म्हणाले, "नो काइंडली, डॉक्टर. होम ऑफिस नॉट लाइक काइंडली." त्या हसल्या, पण लगेच थांबल्या, कारण मी हसत नव्हते. मग मी म्हणाले, "ही टेल एव्हरीबडी ही टीच मी. ही नॉट टीच मी. यू राइट दॅट ऑल्सो." त्यांनी चष्मा काढला. हळू आवाजात म्हणाल्या, त्यासाठी या कागदावर जागा नाहीये. मी म्हणाले, ठीक आहे. जे आहे तेवढं लिहा.

बाहेर वारा होता. बसला गर्दी नव्हती, आम्हाला पुढची जागा मिळाली. हे खिडकीशी बसले आणि बराच वेळ हातांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, कुणाला ऐकू जाऊ नये तसं, "बाई, पेपर कसा गेला हो माझा?" मी त्यांच्याकडे बघितलं. आता मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. खोटं बोलायची सोय होती. पास झालात म्हटलं असतं तर घरी पोचेपर्यंत ते खुश राहिले असते, आणि घरी पोचल्यावर विसरले असते. सूट मिळणार होती. परवाना येणार होता, त्यांच्यासाठी बाई येणार होती, मी दार उघडून बाहेर जाणार होते. मला आता त्यांच्याकडून काही घ्यायचं राहिलं नव्हतं.

"नापास झालात," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. मग वर केली, आणि शाळेतल्या एखाद्या पोराची समजूत घालतात तसं, अगदी मऊ आवाजात स्वतःलाच म्हणाले, "होतं असं. रडायचं नाही. पुढच्या वर्षी परत बसायचं." तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो त्यांच्याकडे होता, इतकी वर्षं होता, आणि शेजारच्या पोरांना मिळाला होता.

"पुढचं वर्ष नाही तुम्हाला," मी म्हणाले. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुमच्या डोक्यात नाही शिरायचं."

"कधीच?"

"कधीच."

बसमधली एक म्हातारी गोरी बाई आमच्याकडे बघून हसली. तिला वाटलं असेल, किती छान बोलतायत दोघं. हे उठून उभे राहिले. कुठे जायचं ते त्यांना कळत नव्हतं, नुसतेच उभे राहिले, खांबाला धरून, पाय जुळवून, डोळे जमिनीकडे. आमचा स्टॉप यायला अजून बराच वेळ होता. बस वळली तेव्हा ते हेलकावले, पण त्यांनी खांब घट्ट धरला होता. मी त्यांना बसा म्हणाले नाही.